शेजारी माझं वायफाय वापरतायत असा संशय आहे. पासवर्ड बदलूनही थांबत नाही, काय करू?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: नेट संध्याकाळी रखडतं, राउटरच्या यादीत अनोळखी उपकरणं दिसतात, पासवर्ड दोनदा बदलला तरी थोड्या दिवसांनी तीच रड. आता कोणीतरी नेटवर्कचं नाव लपवायला आणि मॅक फिल्टर (ठरावीक उपकरणांनाच आत घेणारी राउटरमधली यादी) लावायला सुचवलंय. ते दोन्ही तूर्त बाजूला ठेवा, का ते पुढे सांगतो. नेटवर्क लावून देण्याचं काम करताना मला जे दिसतं ते एवढंच, की शेजाऱ्याने वायफाय ‘हॅक’ केलंय असं क्वचित निघतं. बहुतेक वेळा पासवर्ड घरातूनच बाहेर गेलेला असतो. कुठून गेला हे सापडलं नाही, तर नवा पासवर्डही त्याच वाटेने जाणार.

पण आधी खरंच कोणी आत आहे का ते बघू. नेट रखडणं हा पुरावा नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. आजूबाजूला दहाबारा राउटर असतील तर त्यातले तीनचार तुमच्याच चॅनेलवर बसलेले असणार, आणि संध्याकाळी सगळे घरी आले की हवेतच गर्दी होते. म्हणजे शेजाऱ्यामुळे तुमचं नेट मंदावतंय हे खरं असू शकतं, पण तो स्वतःचंच वायफाय वापरत असतो! ५ गिगाहर्ट्झवर जाऊन बघा. तिथे वेग नीट मिळाला तर चोरीचा संशय निम्मा गळून पडला म्हणून समजा.

राहिली ती यादी. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकलं की बऱ्याच राउटरचं पान उघडतं (नाही उघडलं तर फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये ‘गेटवे’ पुढचा पत्ता बघा). तिथे जोडलेल्या उपकरणांची यादी असते. ती वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. एक, काही राउटर आत्ता जोडलेली उपकरणं न दाखवता ज्यांना अलीकडे नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) वाटला ती सगळी दाखवतात. तो पत्ता अनेक राउटरवर दिवसभर राखून ठेवलेला असतो, म्हणून सकाळी येऊन गेलेला पाहुणा रात्रीही यादीत दिसतो. दुसरं, हल्लीचे फोन स्वतःचा खरा मॅक पत्ता, म्हणजे कंपनीने उपकरणाला दिलेला ओळखक्रमांक, सांगतच नाहीत. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून प्रत्येक नेटवर्कसाठी फोन एक बनावट पत्ता तयार करतो. तो ओळखायची खूण सोपी आहे: पत्त्यातलं डावीकडून दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता बनावट. त्यामुळे कंपनीचं नाव कळत नाही, राउटर ‘अज्ञात’ लिहितो आणि आपल्या पोटात गोळा येतो. तो ‘अज्ञात’ बऱ्याचदा आपल्याच खिशात असतो.

म्हणून एकेका घरच्या फोनचं वायफाय बंद करायचं, यादी ताजी करायची, कोणती ओळ गेली ते बघायचं. टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा, स्मार्ट बल्ब, मुलांचा जुना टॅब हे सगळं मोजा. बल्ब आणि प्लग यांची नावं तर अशी अगम्य असतात की तेच सगळ्यात संशयित वाटतात. सगळं बंद करूनही एखादी ओळ राहिली आणि तिच्यावरून डेटा जाताना दिसला, तर मग मात्र आत कोणीतरी आहे.

आहे असं धरून चालू. पासवर्ड बदलूनही परत येतोय याची कारणं मला चारच ठिकाणी सापडतात.

पहिलं कारण माणसांचं. अँड्रॉइड १० पासून कोणत्याही जोडलेल्या फोनवर ‘शेअर’ दाबलं की क्यूआर कोड येतो. त्या चौकोनात काही गूढ नसतं. वायफाय, मग एस म्हणून नेटवर्कचं नाव, टी म्हणून सुरक्षेचा प्रकार, पी म्हणून पासवर्ड, जसाच्या तसा, उघडा. बऱ्याच फोनवर तर तो कोडच्या खाली वाचता येईल असा छापलेलाही असतो. आयफोनवर त्याहून सोपं: ओळखीचा आयफोन जवळ आला की ‘पासवर्ड द्यायचा का’ असं फोनच विचारतो, बोट टेकवलं की काम झालं. तुम्ही पासवर्ड कोणाला सांगितला नसेल, पण तुमच्या मुलाने शेजारच्या मित्राला खेळायला म्हणून दिला असेल, आणि त्या मित्राच्या फोनवरून तो त्याच्या घरभर गेला असेल. यात कोणी चोर नाही, कोणाला त्याचं विशेष वाटतही नाही. दोनदा बदलूनही परत होतंय म्हटल्यावर मी आधी इथेच बोट ठेवेन.

दुसरं डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता उपकरण जोडायची सोय. राउटरवर दोन बाण गोल फिरताना दिसतात ते बटण, आणि त्यासोबत येणारा आठ आकडी पिन. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता असं वाटतं. पण २०११च्या डिसेंबरमध्ये स्टेफान फीबॉक या संशोधकाने यातली गोम उघड केली: राउटर आधी पहिले चार आकडे बरोबर की चूक ते सांगतो, मग उरलेले तपासतो, आणि आठवा आकडा तर आधीच्या सातांवरून हिशोबाने काढता येतो. म्हणजे आधी दहा हजार, मग एक हजार, एकूण अकरा हजार प्रयत्नांत खेळ खलास. नंतरच्या राउटरांनी चुकीच्या प्रयत्नांवर अटकाव घातला, पण सगळ्यांनी नीट घातला असं नाही. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की पिन जुळला की राउटर चालू पासवर्ड स्वतःहून देऊन टाकतो. पिन तोच राहिला तर तुम्ही पासवर्ड कितीही वेळा बदला! आणि हा पिन अनेकदा राउटरच्या बुडाशी स्टिकरवर छापलेला असतो. घरी आलेल्या कोणीही त्याचा फोटो घ्यावा. डब्ल्यूपीएस पूर्ण बंद करा. त्याच्यावाचून काहीही अडत नाही.

तिसरं कारण लोकांच्या लक्षातच येत नाही: दुसरा डबा. आतल्या खोलीत रेंज यावी म्हणून कधीतरी लावलेला रिपीटर, किंवा केबलने जोडलेला जुना राउटर. मुख्य राउटरचा पासवर्ड बदलला तरी केबलवरचा दुसरा राउटर आपल्या जुन्याच नावाने, जुन्याच पासवर्डने निमूटपणे सेवा देत राहतो. काही रिपीटर तर पहिल्यांदा लावताना स्वतःचं एक उघडं नेटवर्क सोडतात आणि ते तसंच राहून जातं. फोनवर आसपासच्या नेटवर्कांची यादी उघडा आणि रेंज भरपूर असलेली सगळी नावं तपासा. त्यातलं एखादं तुमच्याच कपाटावरून येत असेल.

चौथं, अंदाज बांधता येणारा पासवर्ड. डब्ल्यूपीए २ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत फोन जोडला जाताना राउटर आणि फोन यांच्यात चार निरोपांची देवाणघेवाण होते. बाहेर बसून ती टिपता येते आणि मग घरी निवांत संगणकावर अंदाज लावत बसता येतं, राउटरला पत्ताही लागत नाही. चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखो अंदाज तपासतं. मोबाईल नंबरच पासवर्ड असेल तर दहा आकड्यांच्या शक्यता जास्तीत जास्त एक हजार कोटी. सेकंदाला पाच लाखांचा हिशोब धरला तर साडेपाच तासांत सगळ्या संपतात. शिवाय तुमचा नंबर शेजाऱ्याकडे असतोच, त्याला कार्ड कशाला हवं! नाव आणि जन्मसाल, घराचा क्रमांक, आधीच्या पासवर्डपुढे फक्त १ च्या जागी २, हे सगळं त्याच माळेतलं. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले पाचसहा शब्द सलग टाका. टाइप करायला सोपं, अंदाजाला अशक्य.

आता करायचं ते या क्रमाने करा, कारण क्रम चुकला की मेहनत वाया जाते. आधी राउटरच्या पानाचा, म्हणजे अॅडमिनचा पासवर्ड बदला. तो अजून ‘अॅडमिन-अॅडमिन’ असेल तर आत असलेला माणूस तुमच्याइतकाच मालक आहे. तिथेच रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटर हाताळायची सोय) आणि डब्ल्यूपीएस बंद करा, फर्मवेअर म्हणजे राउटरचं आतलं सॉफ्टवेअर अद्ययावत करा. दुसरा डबा असेल तर त्याचंही हेच. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए ३ ठेवा. २०१८ साली आलेल्या या पद्धतीत वर सांगितलेला घरी बसून अंदाज लावण्याचा प्रकार चालत नाही. जुनी उपकरणं जोडली जात नसतील तर डब्ल्यूपीए २, एईएस या कूटबद्धतेसह. डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत कुठे दिसली तर ते २००१ पासून मोडीत निघालेलं आहे, आणि राउटरमध्ये त्याखेरीज काही नसेल तर राउटरच बदला. वायफायचा पासवर्ड सगळ्यात शेवटी बदला, आणि त्याच बैठकीत गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राउटरवरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क, सुरू करा.

गेस्ट नेटवर्कवर मी जरा अडून बसतो, कारण गळती खरी थांबते ती तिथे. पाहुणे, मुलांचे मित्र, स्मार्ट बल्ब, सगळे तिकडे. मुख्य पासवर्ड घरातल्या मोठ्या माणसांपुरता. मित्राला ‘नाही’ म्हणणं मुलांना जमत नाही, पण ‘हा घे पाहुण्यांचा’ हे सहज जमतं. त्याचा पासवर्ड महिन्यादोन महिन्यांनी बदलला तरी टीव्ही-प्रिंटरला हात लावावा लागत नाही (बल्ब मात्र तिकडे ठेवले असतील तर ते परत जोडावे लागतील, म्हणून बल्बसाठी वेगळं तिसरं नाव देता आलं तर उत्तम). गेस्टवरून घरातल्या उपकरणांपर्यंत पोहोचता येत नाही ना, ती सेटिंग तेवढी तपासा. मुख्य नेटवर्कवर परका माणूस असला की नुसता डेटा जात नाही. तुमचा प्रिंटर, टीव्ही, शेअर केलेली फोल्डर त्यालाही दिसतात. आणि त्याने नेटवर जे काही केलं ते बाहेरून तुमच्याच जोडणीच्या पत्त्यावरून केलेलं दिसतं.

तर नाव लपवणं. राउटर ‘मी इथे आहे’ अशी हाक सतत मारत असतो; नाव लपवलं की त्या हाकेत तो नाव घालत नाही, पण तुमचा फोन जोडताना तेच नाव हवेत उघड सांगतो. ऐकणाऱ्याला ते मिळतंच, आणि तुमचा फोन बाहेर कुठेही गेला की ते लपलेलं नेटवर्क नावाने हाका मारून शोधत राहतो. फायदा शून्य, वर फोनची ओळख जगजाहीर. मॅक फिल्टरचंही तेच: मॅक पत्ता हवेतून जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पाकिटावर कूटबद्ध न करता लिहिलेला असतो, तो पाहून नक्कल करणं अवघड नाही. आणि फोनच बनावट पत्ते वापरत असल्याने फिल्टर अडवतो तो तुम्हालाच. अनोळखी ओळ दिसली की ‘ब्लॉक’ दाबण्याचंही तसंच, समोरचा फोन दुसरा पत्ता घेऊन हजर.

एक शेवटचं, नवा राउटर घेणार असाल तर. सगळी उपकरणं पुन्हा जोडायचा कंटाळा म्हणून लोक नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड देतात. तुमचा टीव्ही आपोआप जोडला जातो तसाच शेजाऱ्याचा फोनही जोडला जातो, त्याला राउटर बदलल्याचं कळतही नाही. पासवर्ड नवा टाका, आणि प्रिंटरशी झटापट करायला एक सुट्टीची दुपार हाताशी ठेवा.