उद्यमबागेतल्या मशीन शॉपला व्हिजन कशाला हवं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांनी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत उभं केलेलं मशीन शॉप (धातूचे पार्ट बनवायचा छोटा कारखाना) आता तुझ्या हातात आलंय. काम सगळं जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्यांचे पार्ट करून द्यायचं, त्यातलं सत्तर टक्के एकाच पार्टीचं, म्हणजे एकाच गिऱ्हाईक कंपनीचं. सल्लागार म्हणतोय आधी व्हिजन-मिशन लिहून काढू आणि ‘पाच वर्षांत उलाढाल तिप्पट’ हे उद्दिष्ट ठेवू. वडील म्हणतात, आम्ही कधी काही लिहिलं नाही, तरी चाललंच की. खरं कुणाचं?

वडिलांचं बरंचसं खरं आहे. त्यांनी लिहिलं नव्हतं, पण कुठलं काम घ्यायचं आणि कुणाचं घ्यायचं नाही हे त्यांच्या डोक्यात पक्कं असणार. नसतं तर शॉप इतकी वर्षं टिकलं नसतं. अडचण अशी की ते त्यांच्या डोक्यात होतं. तुझ्या, सुपरवायझरच्या आणि बँक मॅनेजरच्या डोक्यात ते आपोआप येत नाही. दिशा ठरलीय का हे बघायला मी एकच प्रश्न विचारतो: मशीन रिकामं उभं असतानाही गेल्या वर्षात कुठली ऑर्डर परत पाठवलीस? एकही आठवत नसेल, तर भिंतीवर कितीही सुंदर वाक्य लाव, धंदा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मर्जीवर चाललाय.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर गुर्लहोसूरचे. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलचं दुकान टाकलं. पुढे कडबा कापायचं यंत्र आलं, १९०३ मध्ये लोखंडी नांगर आला. नांगर आधी पडूनच राहिले, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. माल चांगला असून गिऱ्हाईक हात लावत नाही, ही वेळ किती वाईट असते ते धंदेवाल्याला सांगायला नको. त्यातच नगरपालिकेने जागा सोडायला लावली. औंध संस्थानच्या राजांनी माळरानावर जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे उसाचे चरक झाले, भुईमूग फोडायची यंत्रं झाली, १९२६ मध्ये पाणी उपसायचा सेंट्रिफ्यूगल पंप आला.

आता ही यादी पुन्हा बघ. सायकल मागे पडल्यावरचा मुख्य माल जवळजवळ सगळा एकाच गिऱ्हाइकासाठी आहे, शेतकऱ्यासाठी. जागा गेली, गाव बदललं, माल बदलत गेला. कुणासाठी बनवायचं हे बदललं नाही. म्हणून नांगर खपेनात तेव्हा ‘चला, दुसरं काहीतरी विकू’ असं न होता, शेतकऱ्याची समजूत घालत बसायचा धीर राहिला. व्हिजन म्हणतात ते माझ्या लेखी एवढंच. (बेळगावातल्या किर्लोस्कर रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे.)

आता ‘तिप्पट’चं बघू. पाच वर्षांत तिप्पट म्हणजे दरवर्षी साधारण २५ टक्के वाढ. ऐकायला छान, पण त्याला पैसा कुठून लावणार? समज उलाढाल १ कोटी आहे आणि पार्टी ९० दिवसांनी पैसे देते. म्हणजे आजच जवळपास २५ लाख बाहेर अडकलेत. ३ कोटी केलेस की ७५ लाख अडकणार. पगार, टूल्स, हेस्कॉमचं वीजबिल, मशीनचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला. आपल्याकडे मी काम नसल्याने बुडालेल्या शॉप्सपेक्षा वाढीने बुडालेली जास्त बघितलीत. सीसी लिमिट (रोजच्या खर्चासाठी बँकेने दिलेली कर्जाची मर्यादा) पूर्ण वापरलेलं, ऑर्डरबुक भरलेलं आणि शनिवारी कामगारांना द्यायला पैसे नाहीत.

त्यामुळे तुझं पहिलं उद्दिष्ट उलाढालीचं नको, वसुलीचं ठेव. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल आणि तू सूक्ष्म किंवा लघु गटात बसत असशील, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय आयकराच्या नियमानुसार २०२४-२५ या आकारणी वर्षापासून मुदतीत न दिलेली रक्कम पार्टीला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, म्हणून मार्चच्या आसपास त्यांचे अकाउंटवाले स्वतः फोन करायला लागलेत. पण सत्तर टक्के काम ज्याचं, त्याच्यावर कायदा दाखवायची हिंमत कुणाची होते? कायदा हातात असून वापरता येत नाही, कारण पार्टी एकच आहे.

म्हणून दुसरं उद्दिष्ट असं: तीन वर्षांत कुठल्याही एका पार्टीचं काम एक तृतीयांशाच्या वर नको. ह्याला तारीख घाल आणि दर तीन महिन्यांनी आकडा बघ. त्या मोठ्या पार्टीचं काम तोडू नकोस, त्यांचा माल वेळेवर दे, फक्त नवं मशीन त्यांच्या भरवशावर घेऊ नकोस. आपल्याकडे मशीन घेण्याचं खरं कारण कित्येकदा शेजारचा असतो. त्याने व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) आणलं, चहाला भेटला की विचारतो, ‘काय बा, तू कधी आणूलास?’ आणि महिन्याभरात याच्या दारातही क्रेन उभी.

बाकीचं काम कुठून आणायचं हा खरा कठीण भाग. तू लिहिलंयस की बहुतेक पार्ट डिझेल इंजिनाचे आहेत. बॅटरीवर चालणाऱ्या गाडीला इंजिन ब्लॉक लागत नाही, सिलिंडर हेड लागत नाही. हे उद्या सकाळी होणार नाही, पण तुझ्याकडे अजून तीस वर्षं आहेत, वडिलांकडे नव्हती. ट्रॅक्टर, पंप, व्हॉल्व्ह, हायड्रॉलिक्स (तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा) यांना कास्टिंग आणि मशीनिंग लागतच राहील. बेळगावची खरी कमाई मला हायड्रॉलिक्समध्ये दिसते. स्पूल (व्हॉल्व्हमधला सरकता दांडा) आणि बोअर (तो बसतो ते भोक) यांची मायक्रॉनमधली फिट सांभाळणारे, होनिंग-लॅपिंगवर, म्हणजे बारीक घासून गुळगुळीत करण्यावर, हात बसलेले कारागीर इथे आहेत, आणि हे कसब दुसऱ्या गावाला एका वर्षात उचलून नेता येत नाही. बेळगावजवळच्या मच्छेत माझ्या ओळखीचा एक जण आधी मिळेल ते करायचा, आता फक्त हायड्रॉलिक्सचे मॅनिफोल्ड ब्लॉक (आत तेलाच्या वाटा असलेले धातूचे ठोकळे) करतो. मशीनं तीच आहेत. फिक्स्चर (पार्ट पकडून ठेवायची साधनं), टूल्स आणि तपासणीची पद्धत एकाच कामासाठी बसवल्यामुळे त्याचा मशीन सेटिंगचा वेळ घटला आणि दर तो सांगतो, पार्टी नव्हे.

आपल्या जिल्ह्यातल्या हत्तरगीच्या एसईझेडकडे (विमानाचे पार्ट बनवणाऱ्या विशेष आर्थिक क्षेत्राकडे) बघून विमानाच्या पार्टची स्वप्नंही बरेच जण बघतात. वाईट नाही, पण त्या दाराशी एएस ९१०० हे दर्जाचं सर्टिफिकेट विचारतात, गाडीवाल्यांकडे आयएटीएफ १६९४९. सर्टिफिकेटचा खर्च परवडतो. प्रत्येक पार्टची नोंद ठेवायची सवय लागायला मात्र वर्षं जातात. आत्ता आयएसओ ९००१ हे सर्वसाधारण सर्टिफिकेट सुद्धा नसेल तर तिथून सुरू कर, पण कुठल्या गिऱ्हाइकाचं दार उघडायला ते घेतोयस हे आधी ठरव.

कामगारांसाठी तिसरी एकच गोष्ट ठेव, रिजेक्शन. ‘जागतिक दर्जा’ कुणाला कळत नाही. मागच्या महिन्यात शंभरात किती पार्ट परत आले हे सगळ्यांना कळतं. फळा मशीनजवळ लाव आणि मराठी, कन्नड, हिंदी तिन्हीत लिही. तुझ्या शॉपमध्येही हल्ली बिहार-ओडिशाची पोरं असणारच.

वर्षातून एकदा हे सगळं बदलायचं की नाही ते बघायला खंडेनवमीचा दिवस बरा. पूजेसाठी मशीनं बंदच असतात, वडीलही शॉपवर असतात. गिऱ्हाईक कोण यावर दरवर्षी चर्चा नको, आकड्यांवर हवी. आकडे कधीही उलटू शकतात: गाड्यांच्या धुराचे बीएस-सहा हे नवे नियम आले त्याच एप्रिलमध्ये, २०२० साली, लॉकडाऊन होतं. तेव्हा कुणाचेच आकडे जुळले नाहीत.

सल्लागाराची फी द्यायचीच असेल तर व्हिजनसाठी देऊ नकोस, मशीन-अवर रेट (मशीन तासभर चालवायला येणारा खर्च) काढून घ्यायला दे. प्रत्येक पार्टला किती मिनिटं लागतात, त्यात वीज, टूल, घसारा, व्याज किती, हे मांडलं की त्या सत्तर टक्क्यांतले काही पार्ट तू तोट्यात करतोयस असं निघण्याची शक्यता मोठी आहे. कुठली ऑर्डर परत पाठवायची ते तिथेच कळेल. त्या पार्टीशी दराचा करार पुन्हा कधी व्हायचाय ते तू लिहिलेलं नाहीस. तारीख सांग, मग बोलणी कशी करायची त्यावर पुढे लिहितो.