कॉकटेल सॉसेज पहिल्यांदा करताना

पार्टीला कॉकटेल सॉसेज करायचं ठरवलंस, छान केलंस. अमेरिकेत १९६०च्या दशकात हा पदार्थ फार चालायचा: द्राक्षाची जेली आणि चिली सॉस, त्यात सॉसेज. पण त्यांचा चिली सॉस टोमॅटोचा, सौम्य. आपल्याकडची लाल चिली सॉसची बाटली तेवढीच ओतलीस तर कुणाला खाववणार नाही. अर्धा किलो चिकन सॉसेजना पाऊण वाटी केचप, पाऊण वाटी जेली, एकच चमचा चिली सॉस आणि थोडं लिंबू. जेली नाही मिळाली तर द्राक्षाचा जॅम चालतो.

पाकीट आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेव. आधी जेली मंद आचेवर पूर्ण विरघळू दे, मग सॉसेज घाल. खळखळून उकळू नकोस, सालं फुटतात. सॉस चमच्याच्या पाठीला चिकटून राहिला आणि सॉसेज चकाकायला लागले की गॅस बंद.

आपल्या इंदूरकरांना आंबटगोड-तिखट आवडतंच. शाकाहारी पाहुणे असतीलच, त्यांच्यासाठी थोडा सॉस आधीच बाजूला काढून पनीर कर. पातेलं, चमचा वेगळा आणि ताटलीही लांब ठेव, हे मात्र विसरू नकोस. टूथपिक अगदी वाढताना टोच.