पुरात बिलबुकं भिजली, रिटर्नची तारीख गेली, आता काय?

प्रश्न : भाऊ, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा आमच्या स्टेशनरीच्या दुकानात कंबरभर पाणी घुसलं, माल तर गेलाच पण बिलबुकं अन् कॉम्प्युटरही गेला, त्या वर्षी धंद्यात सरळ तोटाच झाला. ३१ जुलै २०२४ ला भरायचं रिटर्न डिसेंबरात भरलं, लेट फी पण भरली. आता सीए म्हणून राहिले की उशीर झाला म्हणून तोटा पुढच्या वर्षात नेऊन नफ्यातून वजा करता येत नाही. पूर आला तर सरकार तारीख काऊन वाढवत नाही?
— एक वाचक, अंबाझरी परिसर

उत्तर : वाढवते भाऊ, पण आपोआप नाही अन् प्रत्येक पुराला तर नाहीच. दिल्लीचं प्रत्यक्ष कर बोर्ड, म्हणजे सीबीडीटी, आयकर कायद्याच्या कलम ११९ खाली आदेश काढतं तेव्हाच तारीख सरकते. २०१८ मध्ये केरळात पूर आला तेव्हा ३१ ऑगस्टची तारीख फक्त केरळवाल्यांसाठी १५ सप्टेंबर केली होती. २०२५ ला ऑडिट रिपोर्टची ३० सप्टेंबरची तारीख आधी ३१ ऑक्टोबर अन् मग १० नोव्हेंबर झाली, त्यात बोर्डाने सांगितलेल्या कारणांमध्ये काही भागातले पूर पण होते. पण एका शहरातल्या काही ले-आउटमध्ये पाणी शिरलं म्हणून दिल्ली हलेल अशा भरवशावर बसू नये. अन् तुमचा पूर सप्टेंबरातला, तारीख पुढच्या जुलैची, त्यामुळे मुदतवाढीचा मुद्दा तसाही तुमच्या कामाचा नाही.

तुमच्या कामाचं आहे ते कलम ११९(२)(बी), उशीर माफ करायचा अर्ज, ज्याला सीए लोक कन्डोनेशन म्हणतात. बोर्डाचं १ ऑक्टोबर २०२४ चं सर्क्युलर ११ आहे, त्याप्रमाणे १ कोटीपर्यंतचा क्लेम प्रिन्सिपल कमिशनर किंवा कमिशनरच निकालात काढतात, दिल्लीला जायचं काम नाही, आपलं सिव्हिल लाइन्सचं आयकर भवन बरं. अर्ज असेसमेंट वर्ष, म्हणजे कमाईच्या वर्षानंतरचं कर ठरवायचं वर्ष, संपल्यापासून ५ वर्षांच्या आत करायचा. तुमचं असेसमेंट वर्ष २०२४-२५, ते ३१ मार्च २०२५ ला संपलं, म्हणजे ३१ मार्च २०३० पर्यंत वेळ आहे. निर्णय शक्यतो ६ महिन्यांत द्यायचा असं सर्क्युलरमध्येच आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा आला तरी जुन्या वर्षांचं जुन्याच कायद्याने चालतं, तेव्हा कोणी घाबरवलं तर घाबरू नका.

आता खरी गोम. साहेब पहिलं हेच विचारतील की पूर सप्टेंबरात आला, रिटर्न जुलैत होतं, मधले दहा महिने काय करून राहिले होते? "पुरामुळे उशीर झाला" एवढं एक वाक्य अन् दुकानाचे चार फोटो लावले तर अर्ज गेलाच समजा. महिन्यावार लिहा. हार्डडिस्क दुरुस्तीला कधी टाकली अन् डेटा निघाला नाही त्याची पावती, होलसेलवाल्यांकडून जुन्या बिलांच्या कॉप्या मागवल्या ते मेल किंवा व्हॉट्सअॅप, पंचनाम्याची कॉपी, अन् इन्शुरन्स असेल तर सर्व्हेयरचा रिपोर्ट कोणत्या तारखेला हातात आला ते, कारण तो आल्याशिवाय तोट्याचा आकडाच पक्का होत नाही. अजून एक, तुमचं जीएसटीचं ३बी रिटर्न, म्हणजे विक्री अन् टॅक्सचा गोषवारा, त्या काळात दर महिन्याला वेळेवर जात असेल तर ते विचारतीलच की मग तो हिशोब कुठून आणला. भिजलेली बिलं एप्रिल ते सप्टेंबरची होती अन् पुरानंतरची नवीन होती, असं असेल तर ते स्वतःच अर्जात लिहून टाका, त्यांनी शोधून काढायची वाट पाहू नका.

बाकी वाचकांना माझं स्पष्ट सांगणं, कागद अर्धे असले तरी जमेल तेवढ्या आकड्यांवर रिटर्न तारखेच्या आत टाकून द्या, नंतर रिवाइज करता येतं. वेळेवर टाकलं तर धंद्यातला तोटा ८ वर्षं पुढे नेता येतो, एक दिवस उशीर झाला तरी तो हक्क जातो अन् मग हा सगळा अर्जांचा कुटाणा मागे लागतो.

प्रश्न : पुराचे सरकारी १० हजार मिळाले होते, दुकानाचे वेगळे अन् इन्शुरन्सचे पण आले. टॅक्स लागते का?
— एक वाचक, सीताबर्डी

उत्तर : सरकारी मदतीला कलम १०(१०बीसी) प्रमाणे टॅक्स नाही. फक्त तोच तोटा तुम्ही धंद्याच्या खर्चात दाखवून घेतला असेल तर तेवढ्यापुरती सूट नाही, एकाच नुकसानीचा फायदा दोनदा मिळत नाही. मालाच्या इन्शुरन्सचा पैसा धंद्याच्या जमेत येतो. घरचा फ्रिज, सोफा, घरची गाडी, यांच्या क्लेमवर टॅक्स नाही अन् यांचं नुकसान रिटर्नमध्ये वजा पण होत नाही.

दुकानदार एक हमखास विसरतात. वाहून गेलेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीत भरलेल्या टॅक्सची वजावट, जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे परत करावं लागतं. माल गेला अन् वरून टॅक्स पण गेला, आहे हा अन्यायच, पण नियम आहे. नाही केलं तर पुढे नोटीस येते तेव्हा व्याजासकट भरावं लागतं.

प्रश्न : मुलगा लॉस एंजेलिसला आहे. जानेवारी २०२५ ला तिथे आगी लागल्या तेव्हा त्याने काहीच केलं नाही तरी त्याला टॅक्ससाठी ऑक्टोबरपर्यंत वेळ मिळाला. आपल्याकडे असं का नाही?
— एक निवृत्त वाचक, धरमपेठ

उत्तर : बरोबर आहे काका, त्या काउंटीतल्या लोकांना रिटर्न अन् पेमेंट दोन्हीसाठी १५ ऑक्टोबर २०२५ पर्यंत मुदत होती. तिथलं टॅक्स खातं आपत्ती जाहीर झालेला भाग पाहतं अन् रेकॉर्डवरचा पत्ता त्यात असला की मुदत आपोआप लावतं, अर्ज नाही की चकरा नाही. आपल्याकडे पॅनला पत्ता आहे, पंचनाम्यातही पत्ता आहे, दोन्ही जोडायला काय जातं हे मलाही कळत नाही, अन् आयकराचे अधिकारी ट्रेनिंगला आपल्याच नागपूरच्या छिंदवाडा रोडवर येतात म्हणा! पण मुलाला एक सांगून ठेवा, मनीषनगरच्या वगैरे फ्लॅटचं भाडं त्याला येत असेल तर ती अमेरिकेची मुदत इथे चालत नाही, इथलं रिटर्न इथल्याच तारखेला भरायचं.