बी.कॉम.नंतर नाशिकमध्येच एमबीए करावे का? वडिलांचे अंबडला जॉबवर्कचे युनिट आहे.

तुमच्या प्रश्नाचा आशय मला असा समजला: बी.कॉम.चे शेवटचे वर्ष चालू आहे, वडिलांचे अंबड औद्योगिक वसाहतीत दोन-तीन मशिनींचे जॉबवर्कचे, म्हणजे कंपन्यांचे भाग त्यांच्या मागणीप्रमाणे घडवून देण्याचे, युनिट आहे आणि पुढे ते सांभाळण्याची तुमची तयारी आहे. तेव्हा एमबीए नाशिकमध्ये करावे, पुण्या-मुंबईला जावे, की ती दोन वर्षे सरळ युनिटमध्येच घालवावीत, असा पेच आहे. मी स्वतः नाशिकमधल्या, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या संस्थेतून ऑपरेशन्स (उत्पादन व पुरवठ्याचे व्यवस्थापन) हा विषय घेऊन एमबीए केले असून सध्या सातपूरच्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम करतो. तुमच्या वडिलांसारख्या पुरवठादारांचे दर तपासणे आणि त्यांवर घासाघीस करणे हेच माझे रोजचे काम आहे, त्यामुळे हे उत्तर गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिलेले आहे असे समजावे.

माझे मत आधी सांगतो. मुंबईची जमनालाल बजाज संस्था किंवा पुणे विद्यापीठाचा स्वतःचा व्यवस्थापनशास्त्र विभाग अशा ठिकाणी प्रवेश मिळत असेल, तर अवश्य जावे, कारण तिथे वर्गात सोबत बसणारी मुले आणि भरतीसाठी येणाऱ्या कंपन्या यांमुळे पडणारा फरक खरोखर मोठा असतो. तेवढे गुण नसतील, तर मात्र पुण्यातल्या कुठल्या तरी मधल्या फळीतल्या संस्थेसाठी घर सोडण्यात मला अर्थ दिसत नाही. स्वायत्त संस्था वगळल्या, तर पुण्यातल्या आणि नाशिक जिल्ह्यातल्या संलग्न संस्थांचा अभ्यासक्रम एकच, परीक्षा एकच आणि पदवी प्रमाणपत्रावरचे विद्यापीठाचे नावही एकच असते. खोलीभाडे आणि मेस यांवर जो खर्च होईल त्याच्या बदल्यात हाती काय येणार, हे आधी कागदावर मांडून पाहावे. शिवाय दिवसा वर्गात शिकलेले संध्याकाळी प्रत्यक्ष ताडून पाहता येईल असा चालता धंदा तुमच्या घरी आहे, आणि तो पुण्याला नेता येत नाही.

आता शिकवतात काय, याबद्दल. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सत्रांचा असतो. पहिल्या वर्षात व्यवस्थापकीय लेखांकन, संघटनात्मक वर्तन, अर्थशास्त्र, संशोधन पद्धती, विपणन, वित्त, मनुष्यबळ आणि उत्पादन व पुरवठा साखळी हे विषय सर्वांनाच शिकावे लागतात. पहिले वर्ष संपल्यावर साधारण दोन महिन्यांचा समर प्रोजेक्ट असतो आणि दुसऱ्या वर्षी स्पेशलायझेशन. शिकवणे आणि पेपर लिहिणे दोन्ही इंग्रजीत असते, त्यामुळे तुमचे बी.कॉम. मराठी माध्यमातून झाले असेल तर पहिले सत्र जड जाईल, एवढे गृहीत धरून चालावे. संघटनात्मक वर्तनासारख्या विषयांची टिपणे परीक्षेच्या आदल्या आठवड्यातही वाचून होतात. तुमच्या दृष्टीने खरा कस आहे तो लेखांकन, वित्त आणि ऑपरेशन्स या तिघांचा, आणि तो कसा, हे जरा विस्ताराने सांगतो.

कॉस्टिंग तुम्ही बी.कॉम.ला शिकला असाल आणि त्यात मशीनचा तासाचा दर काढण्याचे गणितही सोडवले असेल. तिथे आकडे आयते दिलेले असतात. युनिटमध्ये ते शोधून काढावे लागतात आणि बहुतेक युनिटांत ते कोणी शोधत नाही. समजा, तुमच्याकडे २४ लाखांचे एक व्हीएमसी, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर धातू कापणारे, मशीन आहे. दहा वर्षांत समान घसारा, म्हणजे मशीनच्या किमतीत होणारी घट, धरला तर दरमहा २०,००० रुपये होतात. दहा टक्क्यांनी कर्ज असेल तर पहिल्या वर्षी व्याजाचे दरमहा आणखी २०,००० आणि शेडच्या भाड्यातला वाटा १०,०००. हे ५०,००० रुपये मशीन बंद राहिले तरी लागणारच आहेत. त्यावर ऑपरेटरचा पगार २२,०००, वीज १८,००० आणि टूल, कूलंट, देखभाल मिळून १०,००० धरले, तर एका पाळीचा महिन्याचा एकूण खर्च एक लाख रुपये होतो. पंचवीस दिवस आठ तास मशीन चालले तर २०० तास भरतात, म्हणजे तासाला ५०० रुपये. परंतु सेटिंगला वेळ जातो, कंपनीकडून माल उशिरा येतो, वीज जाते, ऑपरेटर रजेवर असतो, आणि प्रत्यक्षात जेमतेम १६० तास मशीन चिप काढते, म्हणजे धातू कापते. तेव्हा खरा दर पडतो ६२५ रुपये.

शेजारचा गाळेवाला ५०० रुपयांनी काम घेतो म्हणून आपणही ५०० म्हणायचे, अशी आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. वरच्या हिशेबाप्रमाणे हा दर मान्य केला, तर प्रत्येक तासाला १२५ रुपये खिशातून जात असतात आणि ते कळतही नाही, कारण घसारा काही दर महिन्याला बँकेच्या खात्यातून वजा होत नाही. तो मशीन बदलायची वेळ येते तेव्हा एकदम समोर उभा राहतो. आता हेच गणित दुसऱ्या पाळीसाठी करून पाहा. भाडे, व्याज आणि घसारा पहिल्या पाळीने उचलले असल्यामुळे दुसऱ्या पाळीला वाढतात ते फक्त ५०,००० रुपये, आणि १६० तासांवर ते तासाला सुमारे ३१३ रुपये बसतात. म्हणजे दुसऱ्या पाळीसाठी कोणी ४०० रुपयांचा दर दिला तर तो वरवर तोट्याचा दिसत असला तरी घ्यावा, कारण तासाला ८७ रुपये स्थिर खर्चाकडे वळतात. मात्र तोच ४००चा दर पहिल्या पाळीतल्या कामाला लागू करण्याची मागणी आली, तर नकार देता आला पाहिजे. आम्ही खरेदी विभागातली माणसे हे गणित करूनच बैठकीला येतो. समोरच्याने ते केलेले नसले की आमचे काम फार सोपे होते, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

खेळत्या भांडवलाचे, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशाचेही, असेच आहे. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यात अशीही तरतूद आली की ही मुदत टळली, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय वजावटीस धरता येत नाही. त्यासाठी पुरवठादाराची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, लागते. तरतूद चांगली आहे, पण ती दाखवून मोठ्या गिऱ्हाइकाशी भांडता येईलच असे नाही, कारण पुढची ऑर्डरही त्याच्याच हातात असते. मुदतीचा आग्रह कुठे धरायचा, कुठे दरात सूट देऊन पैसे लवकर सोडवून घ्यायचे आणि ती सूट बँकेच्या कॅश क्रेडिटच्या (धंद्यासाठी लागेल तशी उचलायच्या कर्जाच्या) व्याजापेक्षा स्वस्त पडते की महाग, हे वित्ताच्या पेपरातले प्रश्न आहेत आणि तुमच्या घरातलेही.

म्हणून स्पेशलायझेशन निवडताना वर्गातली गर्दी पाहून मार्केटिंग घेऊ नये. ऑपरेशन्स मुख्य ठेवावे आणि सोबत वित्ताचे जेवढे वैकल्पिक विषय घेता येतील तेवढे घ्यावेत. तुमच्या युनिटची गिऱ्हाइके मोजकी असणार आणि तीही दर, गुणवत्ता व वेळ या तीन गोष्टींवरच टिकणार. जाहिरातीचे शास्त्र तिथे फारसे कामी येत नाही. कांदा-द्राक्षांचा व्यापार, प्रक्रिया उद्योग किंवा वाइनरी यांकडे ओढा असता तर मी कृषी-व्यवसायाचे विषय सुचवले असते. २०२३च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर लागलेले ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमधली निर्यातबंदी, ती उठल्यावर मे २०२४ मध्ये आलेली प्रतिटन ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि १ एप्रिल २०२५ रोजी रद्द झालेले शुल्क, एवढ्या घडामोडींवर लासलगाव-पिंपळगावच्या बाजारातले भाव समोर ठेवून एक सबंध सत्र शिकवता येईल. तो विषय मात्र वेगळ्या माणसाचा आहे.

समर प्रोजेक्टबद्दल माझे मत कदाचित तुम्हाला उलटे वाटेल: तो वडिलांच्या युनिटमध्ये करू नये. तिथे तुम्ही एरवीही जाणारच आहात. सातपूर, अंबड, सिन्नर किंवा गोंदे इथल्या एखाद्या मोठ्या कारखान्यात, जमल्यास खरेदी, पुरवठादार विकास किंवा उत्पादन नियोजन या विभागात जागा मिळवावी. एखाद्या भागाची किंमत किती असायला हवी हे कंपनी स्वतः कसे मोजते, पुरवठादारांना गुण कसे देते, माल परत कशामुळे येतो आणि दोन पुरवठादारांचा दर सारखा असताना काम एकालाच का जाते, हे त्या दोन महिन्यांत आतून पाहता येते. अशी माहिती कोणताही पुरवठादार पैसे देऊन मिळवू शकत नाही, आणि विद्यार्थ्याला ती समजावून सांगायला लोक आनंदाने तयार असतात. तिथले कागद मात्र घरी आणायचे नाहीत; मोजण्याची रीत तेवढी शिकायची, आणि आपल्या घरी युनिट आहे हे पहिल्याच दिवशी सांगून टाकायचे.

अशी जागा संस्थेच्या प्लेसमेंट विभागाकडून मिळेल याची वाट पाहत बसू नये. जानेवारी-फेब्रुवारीपासूनच स्वतः अर्ज करावेत. निमा आणि आयमा या उद्योजक संघटनांत तुमच्या वडिलांच्या ओळखी असतील तर त्या वापरण्यात कसलाही कमीपणा नाही. आयता प्रोजेक्ट रिपोर्ट विकत घेऊन काळ्या बांधणीत सादर करणारे विद्यार्थी तुम्हाला वर्गात दिसतील आणि ते पासही होतील. आमच्याकडे मुलाखतीला आल्यावर मात्र तिसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडतात.

प्रवेशाचा भाग थोडक्यात सांगतो. पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात, राज्यातल्या राखीव प्रवर्गांसाठी ४५ टक्के. राज्य सीईटी कक्षाची एमबीए सीईटी २०० प्रश्नांची आणि अडीच तासांची असते. त्यांपैकी ७५ प्रश्न तर्कशक्तीचे, २५ आकृत्यांचे, ५० गणिती क्षमतेचे आणि ५० इंग्रजीचे असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. संस्था निवडताना तिला एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) मान्यता आहे का आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने तिचे शुल्क किती ठरवले आहे, हे त्यांच्या संकेतस्थळांवर स्वतः पाहावे. पीजीडीएम ही पदविका असते, विद्यापीठाची पदवी नव्हे, हेही लक्षात असू द्यावे.

प्रवेश शक्यतो कॅप राउंडमधूनच, म्हणजे राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच, घ्यावा. संस्थास्तरावरच्या कोट्यातून तो लवकर आणि बिनधास्त मिळतो, पण शासनाच्या शुल्क सवलतींना मुकावे लागते, आणि ही रक्कम लहान नसते. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या कुटुंबांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज योजनेतून शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मिळते, तर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना त्याच उत्पन्नमर्यादेत २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुम्ही यांपैकी कशात बसत असाल तर उत्पन्नाचा दाखला आणि इतर कागदपत्रे निकालाआधीच काढून ठेवावीत. ऐन प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रावरची गर्दी पाहवत नाही.

प्लेसमेंटविषयी संस्थेत चौकशी कराल तेव्हा सरासरी पॅकेजचा आकडा ऐकून परत येऊ नका. मागच्या वर्षी कोणत्या कंपन्यांनी, कोणत्या कामासाठी, किती जणांना घेतले, हे विचारा. माझ्या पाहण्यात नाशिकमधल्या नेमणुकांचा मोठा भाग खासगी बँका, विमा आणि वित्त कंपन्यांच्या विक्री विभागांतला असतो. ते काम वाईट नाही, परंतु तुमच्या हेतूशी त्याचा संबंध नाही. पदवीनंतर दोन-तीन वर्षे नोकरी करायचीच झाली, तर ती एखाद्या उत्पादन कंपनीत करावी, पगार थोडा कमी असला तरीही.

युनिटला तुमची आत्ताच गरज असेल, उदाहरणार्थ वडिलांना एकट्याला झेपत नसेल, तर दोन वर्षे पूर्णवेळ वर्गात बसण्याचा आग्रह मी धरणार नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याच गावात, गंगापूर धरणाच्या वाटेवर आहे, आणि तिथे दूरशिक्षणाने एमबीए करता येते. विषय बरेचसे तेच असतात आणि दिवसभर युनिटमध्ये राहता येते. फक्त प्रोजेक्टच्या निमित्ताने मोठ्या कारखान्याच्या खरेदी विभागात दोन महिने बसण्याची जी संधी पूर्णवेळ विद्यार्थ्याला मिळते, ती तिथे आपोआप मिळणार नाही. ती तुम्हाला वडिलांच्या गिऱ्हाइकांपैकीच एखाद्याकडे शब्द टाकून मिळवावी लागेल.