‘हिला परत घेऊन जा’

“ताई, बाबांना कुत्री आणून दिली त्याला चार महिने झाले. आता म्हणतात, हिला परत घेऊन जा. माझं चुकलं का? आणि परत दिली तर त्या बिचारीचं काय?”

हा फोन पुण्याहून आला होता. समुपदेशनाच्या कामात एरवी हाच प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. कुणी एकुलत्या मुलासाठी कुत्रा आणलेला असतो, कुणी सासूबाईंसाठी, कुणी स्वतःच्याच एकटेपणावर इलाज म्हणून. तीन-चार महिन्यांत चित्र विस्कटतं आणि मग ‘परत दिला तर मी दुष्ट, ठेवला तर जीव मेटाकुटीला’ अशी कोंडी होते. म्हणून ही हकीकत जरा सविस्तर लिहिते आहे. बाप-लेकीची परवानगी घेतली आहे, खुणा बदलल्या आहेत. वडिलांना आपण अण्णा म्हणू.

अण्णा चिपळूणचे. लोट्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बायको जाऊन चार वर्षं झालेली. नाद एकच, खाडीत गरी टाकून बसायचं. मासे विकायचे नाहीत. मिळाले तर घरी, जास्त मिळाले तर शेजारी. फायबरची एक लहान होडी, ती त्यांची आणि त्यांच्या एका मित्राची निम्मी-निम्मी. मित्राला भाऊ म्हणू. तीस वर्षं दर रविवारी गोवळकोटच्या धक्क्यावरून दोघं निघायचे. अण्णा वल्हं मारणार, भाऊ पुढच्या टोकाला नाळेवर तंगूस, म्हणजे गरीची नायलॉनची दोरी, सोडून बसणार. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला तेव्हा याच होडीतून त्यांनी आळीतली म्हातारी माणसं बाहेर काढली होती. मग भाऊंना अर्धांगवायूचा झटका आला आणि मुलानं त्यांना डोंबिवलीला नेलं. होडी दीड वर्ष पालथी पडून होती.

मुलीनं मोबाइलवर कॅनडातल्या तळ्यांचे व्हिडिओ पाहिले होते. आरशासारखं पाणी, लांबट डोंगी, मागं वल्हं मारणारा दाढीवाला आणि पुढं केशरी जॅकेट घालून बसलेला लॅब्राडोर. तिला वाटलं, भाऊकाकांच्या जागी असं कुणी बसलं तर बाबा पुन्हा पाण्यावर जातील. अण्णाही म्हणाले, “होडीत येणार असेल तर आण.” विकतचं जनावर नको, निराधार असेल त्याला घर द्यावं, हे मात्र दोघांनाही मान्य होतं. मग एका निवारागृहातून चार-पाच वर्षांची गावठी कुत्री आली. तांबूस रंग, नसबंदी झाल्याची कानाला खाच, वय दातांवरून ठरवलेलं. तिथं तिचं नाव ‘कोको’ होतं. “धक्क्यावर चारचौघांत कोको म्हणून हाक मारू?” असं म्हणून अण्णांनी ते नाव पहिल्याच दिवशी टाकून दिलं. दुसरं ठेवलंही नाही. “ये गो”, “बस गो” म्हणत राहिले. कुत्री ‘गो’ला ओ द्यायला लागली.

होडीत मात्र ती चढेना. उचलून ठेवली की पोट जमिनीला टेकवून थरथरायची, संधी मिळताच उडी.

अण्णा पहिल्यांदा आले ते तिला घेऊनच. साठीच्या पुढचे पुरुष माझ्याकडे स्वतःसाठी येत नाहीत. नातवाच्या अभ्यासासाठी येतात, सुनेच्या रागासाठी येतात. हे कुत्रीसाठी आले. ती टेबलाखाली अण्णांच्या चपलेवर हनुवटी टेकून झोपली. अण्णा म्हणाले, “डॉक्टर, ही कामाची नाही. घाबरट आहे.” मी डॉक्टर नाही हे त्यांना तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सोडून दिलं.

कुत्र्यांमधलं मला फार कळत नाही. ओळखीच्या एका पशुवैद्य बाईंना विचारलं तर त्यांनी पहिल्यांदा माझीच शिकवणी घेतली. लॅब्राडोरचे पूर्वज म्हणजे न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांचे पाणकुत्रे. बर्फासारख्या पाण्यात उडी मारून गरीवरून सुटलेला मासा आणायचा, जाळ्याचा दोर किनाऱ्याला ओढायचा, यासाठीच ते पिढ्यान् पिढ्या निवडत आणले. आपलं गावठी कुत्रं रस्त्यावर तगलं ते उलट्या गुणावर. नवी वस्तू दिसली की आधी चार पावलं मागं सरायचं. त्याला आपण घाबरटपणा म्हणतो, पण त्या सावधपणामुळेच ते चार-पाच वर्षांचं झालेलं असतं. निवारागृहातली मंडळी एक ढोबळ हिशेब सांगतात: तीन दिवस भेदरलेलं, तीन आठवडे अंदाज घेणारं, तीन महिन्यांनी कुठं घर आपलं वाटायला लागणारं. शास्त्र नव्हे, अनुभव. अण्णांनी तिला तिसऱ्या दिवशी होडीत बसवलं होतं.

आणि ती पाण्याला भीतच नव्हती. पावसात मजेत भिजायची. फायबरच्या होडीवर पाऊल पडलं की बूड पोकळ वाजतं, नखं घसरतात, खालची जमीन हलते. तिला नको होतं ते हे. बाईंनी उपाय सांगितला तो इतका साधा की अण्णा नाराजच झाले. होडी अंगणात आणायची, सरळ करून विटांचा टेकू द्यायचा, आत काथ्याचं पायपुसणं टाकायचं आणि रोजचं जेवण त्यावर ठेवायचं. उचलून ठेवायचं नाही, ओढायचं नाही. ती स्वतःहून चढेल तेव्हा चढेल. बारा दिवस पुढचे पाय आत, मागचे बाहेर अशी जेवली. तेराव्या दिवशी आत बसली.

इथंच गोष्ट संपायला हवी होती. पण ‘परत घेऊन जा’ हे वाक्य यानंतरचं आहे.

एका सकाळी धक्क्यावर अण्णांनी गरीला कोळंबी लावली आणि थर्मासमधला चहा ओतायला वळले. कुत्रीनं कोळंबी उचलली. गरी खालच्या ओठात. अण्णांनी घाबरून तंगूस ओढला आणि ती आणखी आत रुतली. दवाखान्यात भूल देऊन गरी पुढं ढकलून टोक बाहेर काढलं, उलटा काटा पक्कडीनं तोडला आणि मग ती मागं सरकवून काढली. चार दिवसांत ओठ भरला. डॉक्टरांनी बजावलं, असं झालं तर तंगूस कधी ओढायचा नाही. हातभर लांब ठेवून कापायचा आणि तसंच आणायचं. गिळलेल्या गरीला तर हातही लावायचा नाही. ज्यांच्या घरी गळ आणि कुत्रं दोन्ही आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं, आमिष लावलेली गरी क्षणभरही खाली ठेवू नये.

त्या संध्याकाळी अण्णांनी मुलीला फोन केला: हिला परत घेऊन जा. मुलीला वाटलं, बाबांना कुत्री आवडलीच नाही.

मी काय केलं? माझा अंदाज चुकला. मला वाटलं, हे पत्नीवियोगाचं न संपलेलं दुःख आहे, घरात पुन्हा कुणाची शुश्रूषा करायची वेळ आली म्हणून माणूस बिथरला. दोन बैठका मी त्याच रस्त्यानं चालले. अण्णा सभ्यपणे उत्तरं देत राहिले. पत्नीबद्दल ते नीट, भरल्या गळ्यानं पण मोकळं बोलले. तिथं गाठ नव्हतीच. तिसऱ्या वेळी मी सहज विचारलं, “गरी लागली तेव्हा ती बसली कुठं होती?”

“भाऊच्या टोपलीपाशी.”

भाऊंची आमिषाची टोपली अण्णा अजून धक्क्यावर नेत होते. मग अर्धा तास ते खाली बघून बोलत राहिले.

भाऊंना झटका आला तो होडीतच. थंडीचे दिवस, अमावास्या. खाडीच्या एका फाट्यात आत गेले होते. भाऊंच्या उजव्या हातातून तंगूस सुटला, बोलणं लडबडलं. अण्णा हसले, त्यांना वाटलं मस्करी करतोय. ती पाच-दहा मिनिटं त्यांना अजून टोचतात. मग वल्हं मारायला घेतलं तर सुकती, म्हणजे ओहोटी, लागलेली. अमावास्येला पाणी जास्तच उतरतं. होडी चिखलात बसली. फोनला रेंज नाही. उतरून ढकलावी तर मांडीपर्यंत चिखल आणि काठावर ऊन खात पडलेल्या मगरी. वाशिष्ठीच्या खाडीत त्या आहेत हे इकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. भरतीचं पाणी चढेपर्यंत अण्णा मित्राचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिले. दवाखान्यात पोचायला पाच तासांच्या वर गेले. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तिथं कुणीतरी, वाईट हेतूनं नव्हे, म्हणालं, “उशीर केलात हो.”

दीड वर्षात अण्णांनी भाऊंना एकदाही फोन केला नव्हता.

मग म्हणाले, “माझ्याबरोबर बसलं की असं होतं. ही पण मरायची माझ्या हातून. हिला चांगल्या घरी द्या.”

म्हणजे कुत्री नकोशी झाली नव्हती. ‘परत घेऊन जा’ म्हणणारा प्रत्येक माणूस कंटाळलेला नसतो. काही वेळा तो फार जवळ गेलेला आणि म्हणून भ्यालेला असतो. हे दोन प्रकार बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून अशा वेळी माझा पहिला सल्ला असतो, की अपघाताच्या किंवा भांडणाच्या आठवड्यात निर्णय घेऊ नका. आणि स्वतःला विचारा, या जनावराला आपण कुठलं काम नेमून दिलं होतं? अण्णांच्या घरी तिला एका माणसाची जागा भरायची होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगून तरी काय होणार होतं.

लेकीशीही मी थोडं कडक बोलले. आई-वडिलांच्या एकटेपणावर कुत्रं ‘आणून देणं’ मला फारसं पसंत नाही. त्यांनी मागितलं असेल, सकाळ-संध्याकाळ फिरवायला गुडघे चांगले असतील, आजारपणात कोण बघणार हे आधी ठरलं असेल, तर जरूर. नाहीतर आपल्या दूर राहण्याची टोचणी आपण एका मुक्या जिवाच्या गळ्यात बांधतो. ती रडली. मग म्हणाली, “पण ताई, परत द्यायची वेळ आली तर?” तर द्यावी. ज्या निवारागृहातून आणली तिथं आधी कळवावं. तिच्या दत्तकपत्रात तशी सोय लिहिलेली होती. रस्त्यावर सोडून देणं हा पाप-पुण्याचाच नव्हे, १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याचाही प्रश्न आहे. पण विचार करून, सांगून, नीट घर बघून परत दिलेल्या कुत्र्याबद्दल मी कुणाला अपराधी ठरवलेलं नाही. अण्णांनाही मी तेच सांगितलं. परतीचा रस्ता उघडा आहे म्हटल्यावर माणूस जरा सैल होतो. “बघू महिनाभर,” म्हणाले.

त्या महिन्यात दोन कामं ठरली. एक कुत्रीचं, एक अण्णांचं.

कुत्रीचं सोपं. लेप्टोची लस असलेलं एकत्रित इंजेक्शन घेतलं, कारण कोकणातल्या पावसात, साचलेल्या पाण्यात हा आजार माणसांना होतो तसा कुत्र्यांनाही होतो. पाठीवर मूठ असलेलं तरंगतं जॅकेट मागवलं. पडली तर त्या मुठीला धरून वर घेता येतं. होडीला बांधायची नाही, होडी उलटली तर दोर फास होतो. गोड्या पाण्याची बाटली आणि ताटली बरोबर, नाहीतर खारं पाणी पिऊन उलट्या-जुलाब. गरीला केंड मासा लागला तर तिच्या तोंडापर्यंत जाऊ द्यायचा नाही, तो विषारी. शेंगटीचे काटेही वाईट. आणि खाडीत पोहायला सोडायची नाही म्हणजे नाही. त्या मगरींना कुत्रं म्हणजे काय हे चांगलं कळतं. तळ्यातला व्हिडिओ तळ्यातच राहू दे, असं मी मुलीला म्हटलं.

अण्णांचं काम अवघड. डोंबिवलीला जायचं. तीन वेळा तिकीट काढायचं ठरलं आणि राहिलं. मी आग्रह केला नाही. फक्त दर वेळी विचारलं, “टोपली कुठाय?” शेवटी एका गुरुवारी टोपली घेऊन ते दिवा पॅसेंजरमध्ये बसले. कुत्री शेजाऱ्यांकडं.

पुढचं त्यांनीच सांगितलेलं. भाऊ खुर्चीत, उजवा हात मांडीवर, बोलणं सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं. अण्णांनी मनाशी जुळवून नेलेलं काहीच त्यांना म्हणता आलं नाही. ते एकदम म्हणाले, “मी हसलो रे तेव्हा.” भाऊ बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “होडी... विकलीस?” नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न, तांबोशी मिळते का. मग अण्णांनी मोबाइलमधला फोटो दाखवला. अंगणात विटांवर टेकवलेली होडी, नाळेवर काथ्याचं पायपुसणं, त्यावर जॅकेट घालून तोंड वेंगाडून बसलेली कुत्री.

भाऊंनी फोटो डाव्या हातानं जवळ घेतला आणि चिडल्यासारखे म्हणाले, “तिथं... नको. नाळेवर... पाणी उडतं. भिजेल ती. मी... तीस वर्षं... भिजलो.”

आता पायपुसणं होडीच्या मध्यावर, अण्णांच्या गुडघ्यांपुढं असतं. दहातल्या सहा वेळा ती त्यावर बसते. उरलेल्या चार वेळा दोर सुटायच्या आत उडी मारून धक्क्यावर जाते, आणि मग अण्णाही होडी पुन्हा बांधून तिथूनच गरी टाकतात. काय मिळालं ते रात्री भाऊंना फोनवर सांगतात. काही मिळालं नाही तर काळुंदर मिळालं असं खोटं सांगतात. भाऊंना ते कळतं, असं अण्णांचं म्हणणं आहे.