रोजच्या पेनात कोणती शाई भरावी? – वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : मी रोज रात्री डायरी लिहिते. जुन्या वह्यांतली निळी शाई फिकी पडली आहे आणि एका वहीवर पाणी सांडलं तेव्हा दोन पानं अक्षरशः धुऊन निघाली. म्हणून चित्रकलेसाठी मिळते ती काळी वॉटरप्रूफ शाई आणली आहे. ती फाउंटन पेनात भरू का?

नका भरू. बाटली उघडली नसेल तर तशीच एखाद्या चित्रकाराला देऊन टाका, त्याच्या टाकाला ती उत्तम चालेल.

मी पेनं दुरुस्त करते. ‘पेन चालतच नाही’ म्हणून टेबलावर येणाऱ्या पेनांमध्ये ही शाई भरलेली पेनं मला झाकण काढल्याकाढल्या ओळखू येतात. निबेखाली जो खाचांचा काळा तुकडा असतो ते फीड. त्याच्या बारीक दात्यांमध्ये चकचकीत काळा थर बसलेला असतो. सुईनं खरवडला तर त्याचे खपले निघतात, पाण्यात मात्र तो विरघळत नाही. त्या शाईत काजळी असते आणि काजळीला धरून ठेवायला बहुतेक वेळा लाख घातलेली असते. लाख एकदा वाळली की साध्या पाण्याला दाद देत नाही. टाकाची निब लिहून झाली की आपण पुसून ठेवतो, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही. फाउंटन पेनाच्या फीडमध्ये मात्र केसाएवढी बारीक नाळ असते, त्या नाळेतून शाई निबेपर्यंत येते आणि रात्रंदिवस तिथेच थांबलेली असते. ती नाळ बुजली की पेन संपलं.

तुमची निळी शाई फिकी पडली यात शाईचा दोष नाही. ‘रॉयल ब्लू’ नावानं मिळणाऱ्या बऱ्याच शाया धुऊन निघाव्यात म्हणूनच बनवलेल्या असतात. पेलिकन कंपनीची ४००१ रॉयल ब्लू त्यातलीच, ती खोडायची वेगळी पेनंही मिळतात. शाळकरी मुलांच्या कपड्यांसाठी हा मोठाच गुण आहे. डायरीसाठी नाही.

डायरीसाठी दोन रस्ते आहेत. पहिला लोहशाईचा. मायफळातलं टॅनिन आणि लोखंडाचा क्षार, म्हणजे फेरस सल्फेट, यांच्यापासून ती बनते. युरोपात शेकडो वर्षं दस्तऐवज याच शाईनं लिहिले गेले. दौतीत तिचा मूळ रंग अगदी फिका असतो, लिहिताना अक्षर दिसावं म्हणून तिच्यात निळा रंग मिसळलेला असतो. कागदावर उतरली की हवेतला ऑक्सिजन लागून ती काळवंडत जाते आणि कागदाच्या तंतूंत बसते. संध्याकाळी लिहिलेली निळी ओळ दुसऱ्या दिवशी गडद झालेली दिसते, ती यामुळे. मग वर पाणी पडलं तर निळी छटा थोडी वाहून जाईल, पण अक्षर राहील. पेलिकनची ४००१ ब्लू-ब्लॅक या जातीची आहे. मात्र सगळ्याच कंपन्यांची ब्लू-ब्लॅक लोहशाई नसते, तेव्हा खोक्यावरचा मजकूर वाचून घ्या. ही शाई आम्लधर्मी असते. सोन्याच्या निबेला ती काही करत नाही, पण स्टीलच्या निबेवर महिनोन्महिने वाळत पडली तर धातू खाते. म्हणून लिहीत राहायचं आणि दर दोन-तीन भरण्यांनंतर पेन पाण्यानं धुवायचं.

दुसरा रस्ता पिगमेंट शाईचा, म्हणजे जिच्यात रंग विरघळलेला नसतो, बारीक कणांच्या रूपात असतो. प्लॅटिनम कंपनीची कार्बन ब्लॅक किंवा सेलर कंपनीची किवागुरो या शाया फाउंटन पेनासाठीच केलेल्या आहेत. त्यांच्यातले कण अतिशय बारीक असतात आणि लाख नसते. वाळल्यावर पाण्याला आणि उजेडाला त्या चांगल्या टिकतात. पण पेन रोज चाललं पाहिजे आणि टोपण घट्ट बसलं पाहिजे. आठवडाभर विसरलात तर धुवायला त्रास होईल.

तुम्ही रोज लिहिता, त्यामुळे मी तुम्हाला लोहशाई सुचवीन. पण फक्त डायरीच्या पेनात. बाकीच्या लिहिण्यासाठी दुसरं पेन ठेवा आणि त्यात साधी, पाण्यानं निघणारी शाई भरा. माझं याबाबत ठाम मत आहे: जी शाई नळाखाली धुतल्यावर पेनातून निघून जाते तीच रोजची शाई. टिकाऊपणा जिथे खरोखर हवा तिथेच टिकाऊ शाई वापरावी, सगळ्या पेनांना तो भार देऊ नये.

शाई नक्की करण्याआधी तुमच्याच वहीच्या कागदावर चार ओळी लिहा. कागद मधोमध कापा. एक तुकडा उन्हाच्या खिडकीत लावा, दुसरा अंधारात पुस्तकात ठेवा. काही आठवड्यांनी दोन्ही शेजारी धरलेत की फरक कळेल.

प्रश्न : माझ्या पेनात कन्व्हर्टर आहे. दौतीत बुडवून भरलं तरी तो निम्माच भरतो. शिवाय दोन पानं झाली की शाई येणं थांबतं, आत दिसत असूनही.

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. (कन्व्हर्टर म्हणजे पेनात बसणारी, दट्ट्यानं शाई ओढून घेणारी नळी.)

निम्मा भरतो, कारण निब पुरती बुडत नाही. निबेचं टोक शाईत गेलं म्हणजे झालं असं नाही. संपूर्ण निब आणि पकडीची, म्हणजे बोटांनी धरायच्या भागाची, कड शाईखाली जायला हवी, नाहीतर फीड शाईबरोबर हवाही ओढतं. दट्ट्या आधी पूर्ण खाली घ्या, मग पेन बुडवा, मग सावकाश वर फिरवा. वर पोचल्यावर लगेच बाहेर काढू नका, निब शाईतच ठेवून थोडं थांबा. आता पेन बाहेर काढून निब वर करा, दट्ट्या किंचित फिरवून अडकलेली हवा बाहेर घालवा आणि पुन्हा बुडवून भरा. हे दोनदा केलं की कन्व्हर्टर जवळजवळ काठोकाठ भरतो. शेवटी निब खाली करून दोन-तीन थेंब दौतीत सोडा आणि दट्ट्या वर घ्या, म्हणजे फीडमधली जास्तीची शाई मागे जाते आणि पहिल्याच ओळीवर डाग पडत नाही. पकडीचा भाग टिपकागदानं पुसा, पण निबेच्या चिरेला कागद टेकवून धरू नका. तो शाई शोषत राहतो आणि तेवढी भरलेली शाई वाया जाते.

दौतीत शाई तळाला गेली असेल तर बुडवण्याचा नाद सोडा. बोथट सुईची सिरिंज घ्या आणि कन्व्हर्टर काढून थेट भरा. रिकामं कार्ट्रिजही, म्हणजे शाई भरून विकत मिळणारी छोटी नळी, असंच भरता येतं. मी तर हेच पसंत करते, निब स्वच्छ राहते. कार्ट्रिजचं तोंड काही वेळा काढल्या-घातल्यावर सैल पडतं. मग ते टाकून द्यायचं.

शाई दिसते पण येत नाही, तेव्हा ती कन्व्हर्टरच्या मागच्या टोकाला चिकटून बसलेली असते. नळी अरुंद, त्यात पृष्ठताण, त्यामुळे शाई खाली उतरतच नाही. बोटानं हलकी टिचकी मारा, उतरेल. वारंवार होत असेल तर कन्व्हर्टर भांडी घासायच्या साबणाच्या एका थेंबानं धुवा आणि साबण पुरता निघेपर्यंत स्वच्छ पाण्यानं विसळा. नव्या कन्व्हर्टरमध्ये कधीकधी कारखान्यातला तेलकटपणा राहिलेला असतो, तोही यानं जातो. धुताना पाणी थंड किंवा अगदी कोमट असावं. गरम पाणी आणि स्पिरिट दोन्ही नकोत, काही प्लास्टिकं त्यानं कायमची बिघडतात.

प्रश्न : मी अकरावीत आहे. माझ्याकडे अर्ध्या राहिलेल्या चार दौती आहेत. त्या मिसळून स्वतःचा रंग केला तर चालेल का?

चालेल, पण पेनात नको, आधी काचेच्या छोट्या बाटलीत. काही शाया आम्लधर्मी असतात, काही अल्कधर्मी. त्या एकत्र आल्या की रंग पाण्यात विरघळलेला राहत नाही, गाळ होऊन खाली बसतो. तू दोन शायांचे थोडे थोडे थेंब घे, झाकण लाव आणि चार-पाच दिवस हात लावू नकोस. मग बाटली तिरकी करून उजेडात तळ बघ. कण किंवा तंतू दिसले तर ते मिश्रण टाकून दे. एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतल्या शाया सहसा जमतात. प्लॅटिनमची मिक्सफ्री नावाची मालिका तर मिसळण्यासाठीच काढलेली आहे. तुझ्या चारांपैकी एखादी लोहशाई किंवा पिगमेंट असेल तर ती या खेळातून वगळ. आणि प्रमाण लिहून ठेव, आवडलेला रंग पुन्हा करता आला पाहिजे ना!

प्रश्न : माझं पेन ड्रॉपरनं थेट टाकीत शाई भरायचं आहे. शाई संपत आली की टपकते. आटे खराब झाले असतील का?

आटे ठीक असावेत. टाकीत शाई कमी म्हणजे हवा जास्त. तुमच्या हाताच्या उबेनं ती हवा फुगते आणि शाईला पुढे ढकलते. टाकी एक तृतीयांशावर आली की पुन्हा भरत जा. आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला तर जोडावरून झिरपणंही थांबेल. विमानप्रवासात मात्र पेन पूर्ण भरलेलं किंवा पूर्ण रिकामं ठेवा आणि निब वर.

प्रश्न : वहीच्या कागदावर शाई फुटते, मागच्या पानावरही उमटते. शाई बदलू का?

आधी कागद बदलून बघा. तेच पेन, तीच शाई चांगल्या कागदावर नीट चालली तर उत्तर मिळालं. वही बदलता येत नसेल तर बारीक निब घ्या आणि कमी वाहणारी शाई भरा. पेलिकनची ४००१ मालिका आणि लोहशाया या बाबतीत गुणी आहेत.

प्रश्न : कपाटात जुनी दौत सापडली. वर पातळ साय आली आहे, वास कुबट आहे. गाळून वापरता येईल?

नाही. ती साय बुरशीची आहे. गाळल्यानं तंतू निघतील, बीज राहील. जुन्या शायांना फिनॉलचा औषधी वास असतो, त्याला घाबरायचं कारण नाही, तो शाई टिकवण्यासाठीच घातलेला असतो. कुबट वास मात्र वेगळा, आणि तुम्ही तर साय डोळ्यांनी पाहिली आहे. शाई दौतीसकट टाका. त्या दौतीत अलीकडे बुडवलेलं पेन असेल तर ते, त्याचा कन्व्हर्टर आणि भरायची सिरिंज, सगळं धुऊन कोरडं करा. आणि पेनात उरलेली शाई दौतीत परत ओतायची सवय असेल तर ती सोडा, बुरशी बहुधा याच वाटेनं आत शिरते.