नंदेसरीत नव्याने रुजू झालेल्या सेफ्टी ऑफिसरसाठी

पहिला महिना फाइली चाळण्यात घालवू नका. परमिट, म्हणजे धोक्याच्या कामाचा लेखी परवाना, हातात घेऊन जागेवर जा. वडोदऱ्याच्या या केमिकल पट्ट्यात सगळ्यात जपायचं ते टाकीत उतरण्याचं काम. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, ज्वलनशील वायू एलईएलच्या (हवेत पेट घ्यायला लागणारं वायूचं किमान प्रमाण) १० टक्क्यांच्या आत, हे सगळ्यांना पाठ असतं. पण मीटर नुसता मॅनहोलच्या तोंडाशी धरला तर ते आकडे फसवे. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. नळी सोडून वर, मध्ये, तळाशी तपासा. लांब नळीतून वायू सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो, रीडिंग स्थिरावेपर्यंत थांबा. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा. व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे झालं असं नाही, तो गळू शकतो. लाइनमध्ये ब्लाइंड, म्हणजे पाइप पूर्ण बंद करणारी धातूची चकती, टाकून घ्या.

आत एक कोसळला की वाचवायला दुसरा उतरतो, आणि दोघेही जातात. म्हणून हार्नेस (अंगावरचे पट्टे) आणि ट्रायपॉड (वर ओढून काढायची तिपाई) आधीच लावलेले हवेत. ‘मी उतरणार नाही, बाहेरून ओढणार’ हे मॅनहोलपाशी बाहेर उभ्या असलेल्या माणसाकडून वदवून घ्या, त्याच्या भाषेत. कंत्राटी कामगार बहुतेक हिंदी-गुजरातीवाले, तिथे आपलं मराठी उपयोगाचं नाही.

नियर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, सांगायला आलेल्यावर कधीही ओरडू नका. पुढच्या वेळी कोणी सांगणार नाही.